राजारामपुरीतलं 'परदेशात इंग्रजी शिकवा' केंद्र: सरांना पाच तारे, ऑफिसला एक

केंद्राचं नाव लिहीत नाही. भरलेल्या पैशांतले दहा हजार अजून परत यायचे आहेत आणि ते येईपर्यंत मला तोंड गोड ठेवायचंय. कोल्हापूरच्या राजारामपुरीत क्लासच्या पाट्या इतक्या आहेत की कुणाला अंदाजही यायचा नाही.

मी एम. ए. इंग्रजी, बी. एड., दोन्ही शिवाजी विद्यापीठाचं. एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत अकरा वर्षं शिकवते. हातात १९,५०० पडतात. संध्याकाळी घरी दहावीच्या शिकवण्या घेते, त्याचे सरासरी आठ हजार. अनुदानित शाळेचं म्हणाल तर आधी अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, आणि नशिबानं लागलंच तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. त्या मानधनात २०२३ साली वाढ झाली, तेव्हा माध्यमिकचं १८,००० झालं. म्हणजे मी आज घेते त्याहून कमीच. तेव्हा केएमटीच्या बसच्या पाठीवर 'इंग्रजी शिकवा, महिना १ लाखाच्या वर कमवा' असं दिसल्यावर मी गाडी बाजूला घेऊन नंबर टिपून घेतला, यात माझं काही चुकलं असं अजूनही वाटत नाही.

ऑफिस झकपक आहे. एसी, कॉफीचं मशीन, भिंतीवर जगाचा नकाशा आणि सात देशांचे झेंडे. नकाशाच्या वर चार घड्याळं: कोल्हापूर, दुबई, हनोई, सोल. सोलचं बंद पडलेलं. समोर बसलेला समुपदेशक पोरगा पंचविशीचा, प्रत्येक वाक्यात दोनदा 'मॅम' म्हणणारा. त्यानं माझं वय, शिक्षण, अनुभव लिहून घेतला आणि म्हणाला, "मॅम, तुमच्यासाठी सातही देश ओपन आहेत."

सातही नाहीत. हे मला घरी येऊन दोन रात्री वाचल्यावर कळलं. कोरियात परदेशी इंग्रजी शिक्षकाला जो ई-२ व्हिसा लागतो, तो मुळात सात देशांच्या पासपोर्टवर मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. तुमचं इंग्रजी कितीही चोख असो, पासपोर्टचा रंग आधी बघतात. भारतीयांसाठी तिथे एक छोटी फट आहे. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारामुळे शिक्षकाची रीतसर पात्रता असलेल्या भारतीयाला सरकारी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाता येतं. माझ्यासारख्या बी. एड. बाईला कामाची एवढी एकच गोष्ट त्या झेंड्यामागे होती आणि नेमकी तीच त्या पोराला ठाऊक नव्हती. मी सांगितल्यावर त्यानं ती वहीत लिहून घेतली! चीनमध्येही पासपोर्टची अडचण साधारण अशीच. उरले व्हिएतनाम, थायलंड आणि आखात. हे पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर मी काही उठून गेले नसते.

कोर्सची फी ४५,०००. '१२० तासांचा आंतरराष्ट्रीय टेफल' असं पावतीवर लिहिलंय. टेफल म्हणजे परक्या भाषेच्या लोकांना इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण. प्रत्यक्षात आठ रविवार, दर रविवारी तीन तास, म्हणजे चोवीस तास माणूस समोर. बाकीचे शहाण्णव तास व्हिडिओ. ते मी मेथी निवडताना लावून ठेवायचे आणि मधे मधे चिकट बोटानं 'पुढे' दाबायचे. टेफल हा काही परवाना नव्हे आणि त्यावर कुठल्याही एका संस्थेचा अंकुश नाही. छापखाना असलेला कुणीही सर्टिफिकेट देऊ शकतो. केंब्रिजचं सेल्टा म्हणून जे असतं, तेही १२० तासांचंच, पण ते तास प्रशिक्षकांसोबतचे असतात आणि त्यात किमान सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढे शिकवावं लागतं, मागे वही घेऊन प्रशिक्षक बसलेला. आकडा दोन्हीकडे एकच असल्यामुळे फसायला होतं.

तरीही ते चोवीस तास सोन्यासारखे होते, आणि ते सरांमुळे.

सर साठीचे, ओमानमध्ये चौदा वर्षं शिकवून परत आलेले, पायात कोल्हापुरी, खिशाला दोन पेनं. आम्ही चौदा जण. पेठवडगावची एक मुलगी, गडहिंग्लजहून एसटीनं येणारे एक गुरुजी, नुकती डिग्री झालेली चार-पाच पोरं. पहिल्या रविवारी सर आत आले, दार लावलं, नाव नाही, नमस्कार नाही. पेन वर धरलं आणि म्हणाले, "हाझा कलम." मग पुस्तक उचललं. "हाझा किताब." खुर्चीवर थाप मारली. "हाझा कुर्सी." गडहिंग्लजचे गुरुजी न राहवून म्हणाले, "हे तर सगळं आपलंच की!" सरांनी ओठावर बोट ठेवलं. मग दाराकडे गेले. "हाझा बाब." इथे सगळे गप्प, कारण बाब म्हणजे दार हे मराठीत आलेलं नाही. मग सर एकेका वस्तूला बोट लावून विचारायला लागले, "मा हाझा?" आणि वीस मिनिटांत आम्ही चौदा जण एकमेकांना अरबीत प्रश्न विचारत होतो. एक अक्षर मराठी नाही, एक अक्षर इंग्रजी नाही, फळ्यावर काही नाही. शेवटी सर पहिल्यांदा मराठीत बोलले: "आत्ता पोटात जी भीती वाटली ना, ती तुमच्या पाचवीतल्या पोराला रोज वाटते."

दुसऱ्या रविवारी त्यांनी माझी अकरा वर्षांची सवय मोडली. प्रत्येकाला पाच मिनिटं शिकवायला लावलं. मी उभी राहिले, काळ शिकवला आणि शेवटी नेहमीप्रमाणे म्हणाले, "समजलं काय?" सगळे म्हणाले, "होऽऽ." सर म्हणाले, "मॅडम, ह्या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा पोरगा तुम्हाला आजवर किती वेळा भेटला?" मग त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. एक, 'आय लिव्ह्ड इन कोल्हापूर फॉर टेन इयर्स'. दुसरं, 'आय हॅव लिव्ह्ड इन कोल्हापूर फॉर टेन इयर्स'. आणि एवढंच विचारलं, "दोघांपैकी कोल्हापुरात अजून कोण आहे?" व्याख्या नाही, नियम नाही. एका प्रश्नात कळतं कुणाला समजलं आणि कुणाला नाही. सोमवारी मी हाच प्रश्न माझ्या आठवीला घातला. अठ्ठेचाळीसपैकी एकोणीस पोरांनी चुकीचं बोट दाखवलं. अकरा वर्षं ही एकोणीस पोरं 'होऽऽ'मध्ये लपून बसली होती.

उच्चारांचंही तसंच. ऑफिस तुम्हाला 'ॲक्सेंट सुधार' नावाचा सहा हजारांचा व्हिडिओ संच विकायला बघतं. सरांनी वर्गातच सांगितलं, घेऊ नका. तुमचा हेल मराठी राहिला तरी बिघडत नाही, पण दातांना ओठ टेकवायचा तिथे टेकवा आणि ओठांचा चंबू करायचा तिथे करा. बनियनचं 'व्हेस्ट' आणि पश्चिमेचं 'वेस्ट' वेगळं ऐकू आलं पाहिजे.  आम्ही कोल्हापुरातल्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतो त्यावर पुण्याचे लोक हसतात, तेव्हा हेलाबद्दल मला कुणी लाज वाटून देऊ नये.

आता कागदपत्रं. इथून केंद्राचे तारे पडायला लागतात. शारजातल्या एका शाळेकडून मला होकार आला. केंद्रानं सांगितलं, "मॅम, डिग्रीवर अपोस्टिल करून घ्या." मी डिग्री आणि बी. एड., दोन्हींवर करून घेतलं, त्यांच्याच ओळखीच्या एजंटाकडून, ६,५०० रुपये. पंधरा दिवसांनी शाळेकडून निरोप आला, हे चालत नाही. झालं असं की अपोस्टिल हा हेग कराराचा शिक्का, करारातल्या देशांत कागद खरा मानला जावा म्हणून मारलेला. भारत त्या करारात २००५ पासून आहे, ओमान आहे, बहरीन आहे, सौदीही २०२२ मध्ये आला. शारजा ज्या संयुक्त अरब अमिरातीत येतं, ती नाही. तिकडे जायचं तर राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात आणि शेवटी तिकडच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, अशी वरात काढावी लागते. सगळ्याचा अंदाज त्यांनी २८,००० दिला, त्यात माझे वाया गेलेले साडेसहा हजार हळूच घातलेले. ज्यांचा धंदाच हा आहे त्यांना एवढं ठाऊक नसावं? पोलिसांचा दाखला मात्र मी स्वतः काढला. पासपोर्टच्या संकेतस्थळावर अर्ज, ५०० रुपये फी, हवालदार घरी येऊन चहा पिऊन गेले, काम झालं. केंद्र त्याचे साडेतीन हजार सांगत होतं.

मग करारपत्र आलं. महिना ४,५०० दिरहम. दिरहम तेव्हा तेवीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे १,०३,५००. समुपदेशकानं मोबाइलवर गुणाकार करून स्क्रीन माझ्याकडे फिरवली. घरी पेढे आणायचं बाकी ठेवलं होतं एवढंच.

त्या रविवारी मी माहेरी गेले. आप्पा माझे शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात एकतीस वर्षं दिवाणजी होते. इंग्रजी येत नाही. पण हिशेबाचा कागद कुठल्याही भाषेतला असो, ते आधी आकडे कुठे आहेत ते बघतात. मी करारपत्र वाचून मराठीत सांगत गेले, ते वहीच्या मागच्या पानावर मांडत गेले. लाखाचा आकडा सांगितला तेव्हा म्हणाले, "ही ढोबळ पट्टी झाली. निव्वळ किती?"

शेतकरी गूळ घेऊन यार्डात येतो, सौद्यात दर मिळतो, पण त्याच्या हातात जी पट्टी पडते तीत हमाली, तोलाई, तूट वजा होऊन खालचा आकडा असतो. आप्पा म्हणायचे, नवा शेतकरी दर ऐकून मिसळ खायला जातो, जुना पट्टी हातात आल्यावर.

"पगार किती महिने?" आप्पांनी विचारलं. मी म्हटलं, बारा. ते म्हणाले, "लिहिलंय काय बघ." पाचव्या पानावर होतं, पहिल्या वर्षी दहा महिने. जुलै-ऑगस्ट शाळेला सुट्टी, पगारालाही सुट्टी. मी हे पान तीनदा वाचलं होतं आणि तरी मला ते दिसलं नव्हतं, कारण मी पाच-शून्य-शून्य बघत होते. म्हणजे वर्षाचे ४५,००० दिरहम. राहायचा भत्ता ह्याच साडेचार हजारांत धरलेला. आमच्या गल्लीतली एक मुलगी तिकडे नर्स आहे, तिला मी तिथूनच फोन लावला. वाटून घेतलेली खोली बाराशे दिरहम, आणि सुट्टीत इकडे आलात तरी खोलीचं भाडं चालूच. खाणं, फोन, बस मिळून हजार-पन्नास. आप्पांनी मांडलं: खोली बारा महिन्यांची १४,४००, बाकी खर्च दहा महिन्यांचा १०,५००. उरले २०,१०० दिरहम, म्हणजे ४,६२,३००. त्यातून केंद्राचे ८५,००० (कोर्स पंचेचाळीस, 'प्रोसेसिंग' चाळीस), शिक्क्यांचे २८,०००, आणि सुट्टीतल्या जाण्या-येण्याच्या तिकिटाचे तीस, कारण शाळा तिकीट दोन वर्षांनी देते. खाली आडवी रेघ मारून त्यांनी लिहिलं ३,१९,३००. बारानं भागलं. महिना २६,६०८.

माझे इथले शाळेचे आणि शिकवणीचे मिळून २७,५००.

आप्पांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि आईला म्हणाले, "चहा टाक." खोटं कशाला बोलू, मला तेव्हा रडू आलं. साडेसत्तावीस हजारांतला आमचा घरखर्च त्या पट्टीत वजा केलेला नाही, हे मलाही कळत होतं. दुसऱ्या वर्षी केंद्राचा आणि शिक्क्यांचा खर्च नसेल, तेव्हा हाच आकडा महिना ३६,००० वर जातो, पगार दहाच महिने धरला तरी. कुणी एकटं असेल, पंचविशीचं असेल, पुढे शाळा बदलत वर चढायची तयारी असेल, तर जावंसं वाटावं असंच ते आहे. तिथे पगारावर आयकर नाही. वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी लागू होते, पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी एकवीस दिवसांची. पण ती मोजतात मूळ पगारावर, आणि माझ्या करारात साडेचार हजारांतला मूळ पगार होता फक्त दोन हजार. बाकी सगळे भत्ते. ही युक्ती आपल्याकडच्या संस्थाचालकांनाही ठाऊक आहे, म्हणून मला ती लगेच दिसली.

आणखी एक कलम होतं, वर्षाच्या आत सोडलं तर तीन महिन्यांचा पगार भरा. शिवाय केंद्राचा आग्रह, "आधी व्हिजिट व्हिसावर जा मॅम, तिथे कन्व्हर्ट होतो." व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे. आणि कामाचा व्हिसा, भरती, ह्याचा खर्च तिथल्या कायद्यानं मालकानं करायचा, कामगाराकडून घ्यायचा नाही. मग माझे चाळीस हजार 'प्रोसेसिंग' कशाचे?

हा प्रश्न मी ऑफिसात जाऊन विचारला. आपल्याकडे परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. तो नंबर ऑफिसात आणि जाहिरातीत दिसला पाहिजे, आणि उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० अधिक जीएसटी घेता येतो, पावती देऊन. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी कुणालाही बघता येते. मी म्हटलं, तुमचा नंबर द्या. समुपदेशक आत गेला, मालक बाहेर आले. "आम्ही एजंट नाही मॅडम, आम्ही ट्रेनिंग इन्स्टिट्यूट. नोकरी टाय-अपमधून." टाय-अप कुणाशी, त्यांचा नंबर काय, याचं उत्तर 'व्हॉट्सॲप करतो' असं मिळालं. अजून करतायत.

मालक वाईट माणूस वाटला नाही, हेही लिहिते. 'प्रोसेसिंग'चा दुसरा हप्ता मी भरणार नाही म्हटल्यावर आवाज चढवला नाही, भरलेल्या वीस हजारांतले दहा त्याच आठवड्यात परत केले. पण त्यांना स्वतःला त्या करारपत्राचं पाचवं पान माहीत नव्हतं असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, आणि हे जास्त काळजीचं आहे. आमच्या ह्यांना तर पहिल्यापासून म्यानमारची भीती. थायलंडची नोकरी म्हणून नेऊन सायबर फसवणुकीच्या छावण्यांत डांबल्याच्या बातम्या २०२२ पासून येतायत, परराष्ट्र मंत्रालयानं इशारेही दिलेत. मी म्हटलं, अहो, शारजा वेगळं. ते म्हणाले, "नंबर मिळाला काय?" तिथे माझं तोंड बंद झालं. मुलगी तिसरीत आहे, तिनं फक्त विचारलं, तिकडे बाबूजमालच्या उरुसासारखा उरूस असतो का.

तर कुणी जाणार असाल तर: सरांचे रविवार घ्या, ऑफिसचा चहाही घेऊ नका. मी सरांना विचारलं, तुमचा वर्ग वेगळा घेता का? ते म्हणाले, केंद्राशी मार्चपर्यंत बोली आहे, मग घरी घेईन, रंकाळ्याजवळ, फी नंतर बघू.

त्यांनीच सांगितलं की ओमानमधल्या भारतीय शाळा जागा आपापल्या संकेतस्थळावर टाकतात, मधला माणूस लागत नाही. मस्कतच्या एका शाळेला मी स्वतःच अर्ज केला. अपोस्टिल केलेली डिग्री तिथे चालते, म्हणजे साडेसहा हजार निदान कपाटात पडून राहणार नाहीत. मुलाखत गेल्या गुरुवारी लॅपटॉपवर झाली. पाच मिनिटं शिकवून दाखवा म्हणाल्या, मी कोल्हापुरात अजून कोण आहे तोच धडा घेतला. शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का, असं त्या बाईंनी विचारलं. आप्पा दाराशी उभे होते. मी म्हटलं, मॅडम, जुलै-ऑगस्टचा पगार मिळतो का, आणि मूळ पगार किती? त्यांनी समोरचे कागद चाळले, म्हणाल्या, ईमेलनं कळवते. ईमेल अजून आलेला नाही. आला की आप्पांची वही काढते आणि इथे भर घालते.